मदत हवी आहे: नेत्यांचा इमिग्रेशनवरचा खरा रेकॉर्ड कुठे बघायचा?

नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत असते, शनिवारी लायब्ररीत इंग्लिश शिकवायला जाते. वर्गात बरेचजण ग्वाटेमाला-मेक्सिकोचे, कागदपत्रं नसलेले. त्यांना स्वतःला मत नाही पण इथे जन्मलेली पोरं आता १८ची झालीत आणि आईबापांनाच विचारतात, मत कुणाला देऊ. एक बाई तर वहीत दोन रकाने आखून आल्या, 'बोलला काय' आणि 'केलं काय', आणि खरं सांगू, ताळमेळच लागेना. रेगनच्या १९८६च्या कायद्याने जवळपास २७ लाख लोक कायदेशीर झाले, ओबामाने २०१२ला डाका (DACA, लहानपणी इथे आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण) आणलं पण त्याच्याच काळात लाखो लोक डिपोर्टही झाले. २०१३चं इमिग्रेशन सुधारणेचं बिल सिनेटमध्ये (वरचं सभागृह) ६८-३२ने पास, हाउसमध्ये (खालचं सभागृह) मतदानालाच आणलं नाही, मग तिथल्या मेंबरचा हिशोब धरायचा कशावर? (भाषणं काय, सगळ्यांचीच गोड.)

तर प्रत्येक मेंबरने कुठे काय मत दिलं हे सोप्या स्पॅनिशमध्ये कुठे मिळेल, कुणाला माहितीये का? आणि २०१०ला ड्रीम अ‍ॅक्टला (लहानपणी आलेल्यांना कायदेशीर होण्याची वाट देणारं बिल) सिनेटमध्ये ५५ मतं पडूनही तो अडकला कारण चर्चा संपवून पुढे जायलाच ६० लागत होती, हे असलं सोपं करून कसं सांगायचं? पक्षांची पत्रकं नकोत प्लीज, ती ढीगभर आहेत.