स्विच अडकला: आधी रीस्टार्ट की आधी पंचनामा?

टिळकवाडीकर
बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचा सर्व्हर मी बघतो. केव्हीएमवर (एका सर्व्हरवर अनेक मशीन चालवायची लिनक्सची सोय) पाच व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, आणि त्यांना जोडायला मध्ये ओपन व्हीस्विच (ओव्हीएस), म्हणजे सॉफ्टवेअरचा नेटवर्क स्विच. गेले दोन महिने तिथं एकच खेळ चालला होता. हिशेबाच्या व्हीएमचं नेटवर्क जायचं, तिथला मुलगा व्हीस्विचडी (तो स्विच चालवणारा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करायचा, नेटवर्क यायचं, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. परवा ते गेलं तेव्हा मी योगायोगाने तिथंच होतो. त्याचा हात धरला आणि म्हटलं, दोन मिनिटं थांब.

माझं मत असं की न बघता डीमन रीस्टार्ट करणं म्हणजे पंचनाम्याआधी प्रेत हलवणं. शिकलेले मॅक पत्ते (कोणतं नेटवर्क कार्ड कोणत्या पोर्टवर) जातात, डीमनचे काउंटर शून्यावर येतात, कर्नलमधले (लिनक्सच्या गाभ्यातले) फ्लो, म्हणजे कोणतं पॅकेट कुठं पाठवायचं त्याच्या नोंदी, पुसले जातात. ब्रिज (आभासी स्विच) आणि पोर्ट डेटाबेसात असतात, ते परत येतात. पण ओएफसीटीएल या कमांडने हाताने घातलेले नियम डेटाबेसात नसतात. ते जपून ठेवायची सोय नसेल तर तेही गेले, आणि मग आधी काय होतं हे कुणाला सांगता येत नाही.

भैरू_उद्यमबाग
सर, बोलणं बरोबर आहे, पण तुमच्या डोक्यावर मालक उभा राहिलाय का कधी? दारात ट्रक भरून उभा, माल कोल्हापूरला जायचा, आणि ई-वे बिल निघेना. बिलाशिवाय सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं गाडी काढायची छाती ड्रायव्हरची नाही आणि माझीही नाही. अशा वेळी मी एफडीबी (शिकलेल्या मॅक पत्त्यांची यादी) वाचत बसू? रीस्टार्ट मारतो, गाडी सुटते, पंचनामा रात्री. आमच्यासारख्या ठिकाणी आयटीचा माणूस एकच असतो. तोच प्रिंटर बघतो, तोच सीसीटीव्ही बघतो.

टिळकवाडीकर
भैरू, रात्री कशाचा पंचनामा करणार? जागा धुऊन काढल्यावर?

परवा काय सापडलं ते ऐका. एफडीबी/शो दोनदा काढलं, मध्ये अर्धा मिनिट गेलं असेल. हिशेबाच्या व्हीएमचा मॅक पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या पोर्टवर होता, दुसऱ्यांदा बाहेरच्या कार्डाच्या पोर्टवर. एक मॅक दोन ठिकाणी! बॅकअप तपासायला कुणीतरी तीच व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर जशीच्या तशी कॉपी केली होती, एक्सएमएलमधला (व्हीएमच्या सेटिंगच्या फाइलमधला) मॅकसुद्धा न बदलता, आणि मध्येच कधीतरी ती चालू करायचे. कॉपी बोलली की स्विचला वाटायचं हा पत्ता बाहेर आहे. मग बाहेरून त्या पत्त्यावर येणारं पॅकेट, ज्या पोर्टवरून आलं तिकडेच परत पाठवायचं नसतं म्हणून, टाकून दिलं जायचं. खरी व्हीएम काही बोलली की पत्ता पुन्हा जागेवर.

म्हणजे रीस्टार्टनं मूळ कारण दुरुस्त होतच नव्हतं. फार तर चुकीचा शिकलेला पत्ता पुसला जायचा, आणि नेटवर्क तसंही आपोआप यायचं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, आणि दोन महिने श्रेय मिळालं रीस्टार्टला.

खानापूरकर
मी तिसरंच बोलतो. पाच व्हीएमना ओपन व्हीस्विच हवा कशाला? लिनक्सचा साधा ब्रिज व्हीलॅनसुद्धा (एका नेटवर्कचे पाडलेले वेगळे भाग) सांभाळतो. डीमन नाही, डेटाबेस नाही, पंचनामा नाही. मी स्वतः एकदा पावसात घरी बसून एसएसएचवरून कार्ड ओव्हीएसच्या ब्रिजमध्ये घातलं. आयपी कार्डावरच राहिला, ब्रिजच्या इंटर्नल पोर्टला दिलाच नाही. एंटर दाबलं आणि स्क्रीन थिजली. मग रेनकोट घालून बेळगाव. तेव्हापासून मी या वाटेला गेलो नाही.

टिळकवाडीकर
दादा, ती चूक साध्या ब्रिजवरही तशीच भोवली असती. बाकी मुद्दा मान्य. हा स्विच मी निवडलेला नाही, आधीच्या माणसानं बसवून ठेवलाय. मिररिंग आणि एसफ्लो (पॅकेटची नक्कल आणि नमुने घेऊन रहदारी बघायची सोय) चालू आहे, म्हणून राहू दिला.

निपाणीचा_पोरगा
पुरावा-पुरावा म्हणता, त्याची पण एक बाजू सांगतो. मी असाच पुराव्यासाठी व्हीलॉग/सेटने सगळ्या मॉड्यूलचा फाइलमधला लॉग डीबगवर (बारीकसारीक सगळं लिहिण्यावर) टाकला आणि घरी गेलो. सकाळी व्हार (लॉग साठतात ती जागा) भरलेलं, डेटाबेस सर्व्हर रडायलाय. आता एकच मॉड्यूल डीबगवर घेतो आणि उठायच्या आधी परत इन्फोवर आणतो. (कमांड इथं देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजीच करा रे.)

एक विचारायचं होतं. खरंच डीमन अडकलाय की तार सुटलीय, हे चटकन कसं ओळखायचं?

टिळकवाडीकर
चालू असलेली जुनी कनेक्शन चालतायत आणि नवीन एकही जुळत नाही, असं दिसलं तर डीमनवर संशय घे. जुन्यांचे फ्लो कर्नलमध्ये बसलेले असतात, त्यांना डीमन लागत नाही. नव्या कनेक्शनच्या पहिल्या पॅकेटला कर्नलमध्ये जुळणारा फ्लो नसेल तर ते मात्र वर डीमनकडे जातं, तिथं उत्तर देणारं कुणी नसतं. लॉगमध्ये पोल इंटरव्हल अवाजवी लांब झाल्याची ओळ शोध, मुख्य थ्रेड कशात तरी गुंतला होता असा तिचा अर्थ. व्हीएससीटीएल ही कमांड पोर्ट जोडताना नुसतं लटकून राहिलं तरी तेच, ते डीमनची वाट बघत असतं. तार सुटली तर नवं-जुनं दोन्ही एकदम मरतं.

भैरू_उद्यमबाग
मॅकवाली गोष्ट पटली, खोटं कशाला बोलू. आमच्याकडंही कॉपी केलेल्या दोन मशिनी आहेत, उद्या बघतो. पण ट्रकवाला वाट बघणार नाही हे माझं म्हणणं कायम. एक करा, तुमच्या त्या कमांड एका स्क्रिप्टमध्ये घालून द्या. एफडीबी दोनदा, फ्लो, कव्हरेज (डीमनचे आतले काउंटर), लॉगचा शेवटचा भाग, सगळं तारखेच्या फोल्डरमध्ये. शेवटच्या ओळीत रीस्टार्ट मी माझा घालतो.

टिळकवाडीकर
शेवटची ओळ तुझी, तिचं पापही तुझं. देतो रात्री. फक्त प्रत्येक ॲपसीटीएलला (चालू डीमनला माहिती विचारणारी कमांड) ५ सेकंदांचा टाइमआउट घातलेला असेल, तो काढू नकोस. डीमन खरंच अडकला असेल तर ॲपसीटीएलला उत्तर द्यायला तोच अडकलेला थ्रेड असतो. तुझी स्क्रिप्ट तिथंच बसून राहील आणि ट्रक दारातच.

भैरू_उद्यमबाग
१० करा. आमचा सर्व्हर म्हातारा आहे.