मदत हवी आहे: आजोबांचं काडतूस बंद करायचं यंत्र फिरंना

वाड्याचा_नातू
नमस्कार मंडळी. आंबेजोगाईला आमच्या वाड्याचं माळवद उतरवायलोय. बळदात एक बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, यंत्र सापडलं. शेवयाच्या यंत्रासारखं टेबलाच्या कडेला आवळायचं, एका बाजूला फिरवायचा दांडा, दुसऱ्या बाजूला ढकलायचा. पट्टीवर 'जेम्स डिक्सन अँड सन्स, शेफील्ड' दिसतंय. काका म्हणतात, बारा बोअरच्या कागदी काडतुसाचं तोंड ह्यात वळवून बंद करायचे. दांडा तसूभर हलंना. डिझेल टाकून चार दिवस झाले. रविवारी आत्या पुण्याहून यायल्यात, त्यांना हे फिरताना दाखवायचंय. ब्लो टॉर्चनं तापवू का? लवकर सांगा.

लेथवाला_चिकलठाणा
फोटो कुठाय? कोणता दांडा अडकलाय, फिरवायचा की ढकलायचा? हातोडा घालू नका, बीड वाकत नाही, सरळ तडकतं. बाहेरचं नळकांडं सगळीकडून सारखं तापवा, ते पसरतं आणि आतला दांडा सुटतो. लेथवर ३० वर्षं गेली माझी, असे किती सोडवले.

मांजराकाठ
तापवू अजिबात नका. असल्या यंत्रांवर काळा भाजलेला रंग आणि सोनेरी रेघा असतात, त्या जळल्या की परत येत नाहीत. धुण्याचा सोडा पाण्यात घाला, बॅटरी चार्जरची ऋण तार यंत्राला आणि धन तार साध्या लोखंडी पत्र्याला जोडा, रात्रभर ठेवा. पत्रा स्टेनलेसचा नको, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. मी विहिरीवरचं जुनं इंजिन असंच साफ केलं.

लेथवाला_चिकलठाणा
सोड्यातल्या विजेनंही रंगाचे पापुद्रे निघतात, ते सांगितलं नाही तुम्ही. आणि अडकलेल्या सांध्याच्या आत ती पोचतच नाही. गंज वरवरचा जाईल, दांडा तिथंच.

मांजराकाठ
आधी सुटे भाग करून मगच बुडवायचं, हे धरलेलंच आहे.

लेथवाला_चिकलठाणा
अहो, सुटे होत नाहीत म्हणून तर ते विचारायलेत!

निवृत्त_मास्तर
आंबेजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत, घोडदळाची छावणी होती तिथं. असं विलायती सामान त्या छावणीमुळं आलं असावं असं मला वाटतं. तुमचे आजोबा मुक्तिसंग्रामात होते का? तसं असेल तर १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीच्या घरातल्या आठवणी लिहून काढा. ती पिढी चाललीय, बाळ.

वाड्याचा_नातू
नाही काका, आजोबा शेती बघायचे. रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक होती. ते गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. फिरवायचाच दांडा अडकलाय. आणखी एक, पट्टीचा एक स्क्रू नाही. सहा एमएमचा लावून बघितला, दोन आटे गेला आणि बसला.

लेथवाला_चिकलठाणा
तिथंच थांबा, आटे खराब होतील. ते इंग्लंडचं जुनं काम, व्हिटवर्थ आटे असणार. पाव इंची व्हिटवर्थ म्हणजे ६.३५ मिलिमीटर, इंचाला २० आटे, आट्याचा कोन ५५ अंश. आपला मेट्रिक ६० अंशांचा. बाजारात नाही मिळाला तर पितळेचा करून देतो, पैसे नकोत.

सविता_उदगीर
दादा, एक विचारू? काडतूस ठेवायची खोबण रिकामी आहे का?

वाड्याचा_नातू
नाही ना ताई. एक लाल कागदी काडतूस आहे, फुगून घट्ट बसलंय. त्याच्यामुळंच फिरत नसणार. बुडाची टिकली हिरवी पडलीय. तशाच सुट्या टिकल्या चहाच्या डब्यात आहेत, पन्नासेक. यंत्राबरोबरचंच सामान म्हणून वेगळं लिहिलं नाही.

सविता_उदगीर
आता यंत्राला हात लावू नका. बत्ती, हातोडा, बॅटरी, काहीच नको. कागदी काडतूस ओलीनं फुगतं, पण फुगलं म्हणून मेलं असं नाही. काळी दारू, म्हणजे जुन्या काडतुसातली बंदुकीची दारू, वाळली की परत पेटते. बुडातल्या टोपीला, म्हणजे तुम्ही म्हणता त्या टिकलीला, ठोका, घासणं, आच, काहीही पुरतं. जुन्या टोप्यांत पाऱ्याचं फल्मिनेट असायचं. बंदुकीच्या नळीत नसलेलं काडतूस जागीच फुटतं आणि पितळेचे तुकडे तोंडावर येतात. डिझेलनं ते निकामी झालं असं धरू नका. डबा हलवू नका, पोरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका, ११२ ला फोन करा. माझे वडील पोलीस शस्त्रागारात होते, म्हणून एवढं कळकळीनं लिहितेय.

लेथवाला_चिकलठाणा
ताईंचं ऐका. माझा तापवायचा सल्ला मी मागं घेतो. खोबणीत काय आहे हे मीच आधी विचारायला पाहिजे होतं.

शेतराखण
आमच्याकडं हरभऱ्यात डुकरांचा लई त्रास आहे. हे यंत्र चालू झालं तर घरी काडतुसं भरता येतील का? माझ्याकडं परवाना आहे. मापावर ड्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे किती ग्रॅम?

मांजराकाठ
औंसाचा सोळावा भाग, पावणेदोन ग्रॅमच्या जरासं वर.

वकील_लातूर
ड्रॅमचं सोडा. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे, त्याला कलम ५ चा वेगळा लागतो. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २ मधली दारूगोळ्याची व्याख्या वाचा. त्यात काडतुसांचे भाग येतात, ती बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणून धागाकर्त्यांनी यंत्राचीही माहिती लेखी द्यावी, पोच घ्यावी. आणि शेतराखण, ड्रॅमचं माप काळ्या दारूचं. त्याच मापानं बिनधुराची, म्हणजे नंतरची जास्त जोराची, दारू भरली तर नळी फुटते, हात जातो.

वाड्याचा_नातू
परवा फोन केला. ठाण्यातून माणसं आली, मग बॉम्बशोधक पथक आलं. काडतूस आणि टिकल्यांचा डबा पंचनामा करून नेला. यंत्रही नेलंय, अर्ज दिलाय, पोच मिळाली. परत मिळेल का ते वरून कळवतील. आत्यांना फोटोच दाखवला. त्या म्हणाल्या, मृगाच्या आधी ओसरीवर बसून मी दांडा फिरवायचे आणि अण्णा दुसऱ्या बाजूनं ढकलायचे, वीस झाली की मला गूळशेंगदाणे. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. सविताताई, माझी पोरगी त्याच खोलीत अभ्यास करते. तुमचे उपकार कसे फेडू?
मांजराकाठ दादा, यंत्र परत आलं तर सोनेरी रेघा तशाच ठेवून गंज कसा काढू, तेवढं सांगून ठेवा.

मांजराकाठ
रंगाच्या भागाला फक्त रॉकेल आणि जुनं सुती धोतर, हलक्या हातानं. सोडा नको तिथं, लेथवाले बरोबर म्हणाले होते.