कायटोसान लावलेले मॅग्नेटाइट नॅनोकण, बॅक्टेरिया नक्की कशाने मरतायत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये पार अडकलेय, सबमिशन जवळ आलंय म्हणून विचारतेय. फेरिक आणि फेरस क्लोराइड 2:1 प्रमाणात घेऊन, नायट्रोजन सोडत, 80 अंशाला अमोनिया घालून मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहाचं ऑक्साइड) बनवलं, मस्त काळंभोर आलं, बीकरला बाहेरून चुंबक लावला की सगळं एका बाजूला गोळा आणि पाणी स्वच्छ. मग 1 टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवलेलं कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारं पॉलिमर) त्यावर चढवलं, कारण कायटोसानवर धन भार, बॅक्टेरियावर ऋण, म्हणजे कण चिकटणार, आवरण फाडणार आणि नंतर चुंबकाने परत काढता येणार.

ई. कोलाय बॅक्टेरियाच्या आगर प्लेटला वेल (छोटं भोक) पाडून त्यात ते टाकलं तर छान झोन (भोवती बॅक्टेरिया न वाढलेलं मोकळं वर्तुळ) आला, मी लगेच गाईडना फोटो पाठवला. मग सीनियर म्हणाली कंट्रोल (कणांशिवायची तुलनेची चाचणी) कुठाय, नुसतं ॲसेटिक ॲसिड टाकून बघितलं तर त्यालाही जवळपास तेवढाच झोन!! कण धुऊन पीएच 7.4 च्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घेतले तर झोनच नाही, वेलच्या काठाला फक्त काळी रिंग, आणि ट्यूबमध्ये कण पाच मिनिटांत तळाशी. पण कल्चरमध्ये कण मिसळून, चुंबकाने काढून, वरच्या पाण्याची प्लेट केली तर कॉलनी अगदी कमी. खरं काय मानू?

प्रतिसाद: ती काळी रिंग नीट बघा, कण आगरमध्ये पसरतच नाहीत, पुढे गेलं ते फक्त ॲसिड. झोनचा नाद सोडा. 7.4 ला कायटोसानचा भार जवळजवळ संपतो, अमिनो गटाचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या गटांवर भार असतो तो) साडेसहाच्या आसपास असतो, म्हणून गोळे होतात, फॉस्फेटमुळे अजूनच. पीएच 6 चा एमईएस बफर घ्या आणि कंट्रोल म्हणून नुसता बफर, नुसतं कायटोसान, कोटिंग नसलेले कण, तिन्ही ठेवा. ओडी 600 वर (600 नॅनोमीटरच्या प्रकाशाने मोजलेला गढूळपणा) जाऊ नका, कण स्वतःच काळे आहेत, कॉलनीच मोजा. आणि चुंबकाला चिकटलेल्या कणांचीही प्लेट करा, बॅक्टेरिया त्यांच्यासोबत जिवंतच बाहेर गेले असतील.

धागाकर्ती: खूप आभार सर! कण सलाइनमध्ये परत पसरवून प्लेट केली, सकाळी गच्च कॉलनी. म्हणजे पकडले गेले होते, मेले नव्हतेच. आता एमईएसमध्ये करतेय, पण नमुना किती वेळाने काढू, 30 मिनिटं पुरतील का?