पाऊस, परदेश आणि पाहुणे आलेले आईबाबा

मिरगाचा_किडा:
आज बसस्टॉपवर एक आजी दिसल्या. पाचवारी साडी, वर कार्डिगन, डोक्याला सुपरमार्केटची पिशवी बांधलेली. एकदम आईबाबा लंडनला आले होते तेव्हाचा एक दिवस आठवला. सकाळपासून संततधार. आई म्हणे घरीच बसू, भजी करते. बाबा बूट घालून दारात उभे. त्यांना बाबासाहेबांचं घर बघायचं होतं. किंग हेन्रीज रोड, १० नंबर. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहायचे, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. चॉक फार्मला उतरून पोचेपर्यंत बाबांची छत्री उलटी होऊन कामातून गेली होती. पण आत गेल्यावर खिशातून वही काढून एकेक फलक उतरवायला लागले. ते फोटो काढत नाहीत, लिहून घेतात. वहीची पानं ओली, पेन चालेना, तरी चालूच.

मग व्ही अँड ए म्युझियम. फुकट, कोरडं आणि आत बाथरूमची सोय. आईबाबांना फिरवताना मी एवढंच बघते. टिपूचा वाघ (गोऱ्या साहेबावर चढलेला लाकडी वाघ) बघून आई म्हणाली, "साहेब निवांत पडलाय, वाघच दमलेला दिसतोय." तिथल्या टाइल्सवाल्या कॅफेत स्कोन घेतले. "नानकटाई बिघडली" असा निकाल देऊन आईने पर्समधून दशमी आणि लसणाची चटणी काढली. वासाने शेजारच्या टेबलावरची बाई वळली. आईने लगेच तिला अर्धी देऊ केली. तिने खाल्लीही!

येऊ द्या तुमचेही किस्से.

खेकडाभजी:
साहेब निवांत पडलाय 😂😂 काकूंना दंडवत

मालवणी_इन_सिएटल:
आमचे बाबा पाइक प्लेस मार्केटात. बाहेर भुरभुर (इथे त्याला कोणी पाऊस म्हणतच नाही, छत्री उघडली की कळतं नवीन आहे). तिथे मासेवाले अख्खा सामन एकमेकांकडे फेकतात, लोक टाळ्या वाजवतात. बाबांचं तोंड वाकडं. "अशी सुरमई फेकलीन तर गिऱ्हाईक परत येयत काय?" मग पुढे होऊन कल्ले उघडून दाखव म्हणाले. त्याने दाखवले. ताजा निघाला. तरी घेतला नाही, महाग म्हणून. क्लॅम चावडर (शिंपल्यांचं सूप) मात्र दोन वाट्या.

सई_सिंगापूर:
आमच्याकडे क्लाउड फॉरेस्ट, म्हणजे काचेच्या छताखालची बाग. बाहेर धो धो, आत तिकीट काढून ३५ मीटरचा धबधबा. सासूबाई सावंतवाडीच्या. "आंबोलीला हेच फुकट बघतो की गो." टॅक्सी मिळेना म्हणून तासभर तिथेच. नंतर टेक्का सेंटरला गरम डोसा खाल्ल्यावर गाडी रुळावर आली.

खेकडाभजी:
@सई तिथे वडापाव मिळतो का कुठे? पुढच्या महिन्यात येतोय

सई_सिंगापूर:
मिळतो पण अपेक्षा ठेवू नका. विचारपुशीत लिहा, सांगते.

बर्गनवासी:
आमच्याकडे नॉर्वेत बर्गनला वर्षातले दोनशेच्या वर दिवस पाऊस, त्यामुळे "पावसाळी दिवस" असा वेगळा किस्सा नाही 😀 आईवडील आले तेव्हा फ्लोयबानेनने (डोंगरावर चढणारी रेल्वे) वर गेलो. ३२० मीटरवरून अख्खं शहर दिसतं म्हणतात. आम्हाला ढग दिसला. आप्पा कठड्याला धरून म्हणाले, "छान आहे. माळशेजला पण काही दिसत नाही." खाली येऊन माशाचं सूप प्यायलो, त्याचे रुपये किती झाले ते आप्पांना अजून सांगितलेलं नाही.

निशिगंध:
वाचून छान वाटलं आणि रडूही आलं. आमच्या बाबांचा व्हिसा आला होता, तिकीटं राहिली ती राहिलीच.

मिरगाचा_किडा:
@निशिगंध 🫂

पोळपाट:
निशिगंध, जवळ असतीस तर चहाला बोलावलं असतं. बाकी धागा मस्त. कुकर लावलाय, नंतर लिहिते. मिरगाच्या किड्या, दशमी दुधातली का? आणि किती दिवस टिकते? माझी आई पुढच्या आठवड्यात निघतेय.

मिरगाचा_किडा:
दुधातच. पाण्याचा थेंब नाही. चार दिवस तरी सहज.

मालवणी_इन_सिएटल:
आमच्याकडे दशमी म्हणजे गूळ घातलेली. लसणाची चटणी तिच्याबरोबर??

पोळपाट:
तिखटमिठाचीही असते हो. झाली सुरुवात!