मेळघाटातला हा पिंगळा रानपिंगळाच आहे का?

सागपान: जानेवारीत चौराकुंडच्या बाजूला सकाळी नऊच्या सुमारास दिसला. सागाच्या उघड्या शेंड्यावर ऊन खात बसला होता, शेपटी सारखी डावी-उजवी झटकत होता. फोटो लांबून आलाय, थोडा धूसर आहे. सोबतचे वाटाडे ठामपणे रानपिंगळा (Forest Owlet, पिंगळ्यांमधलं दुर्मीळ छोटं घुबड) म्हणाले. जाणकारांनी कृपया सांगावं.

माळढोक_७: दिवसा दिसला म्हणून लगेच रानपिंगळा ठरवू नका. साधा पिंगळाही सकाळी उन्हात बसतो. डोकं झूम करून बघा, ठिपके आहेत का?

रानवाटा: फोटो बघून मन भरून आलं. छाती जवळजवळ सलग तपकिरी आहे आणि खाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. साध्या पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी खुणा विखुरलेल्या असतात, असा कोरा पांढरा पट्टा मिळत नाही. पायांवरची दाट पांढरी पिसंही छान दिसताहेत. तरी माथा आणि पाठ बघितल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही. रानपिंगळ्याचा माथा जवळपास कोरा असतो, साध्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके असतात. जंगली पिंगळा (Jungle Owlet, ही तिसरीच जात) असता तर डोक्यापासून खालपर्यंत बारीक आडव्या रेघा दिसल्या असत्या. पाठमोरा एखादा फोटो आहे का?

सागपान: एक आहे, उडायच्या आधीचा. माथा सपाट करडा-तपकिरी, एकही ठळक ठिपका नाही. शेपटीवर रुंद गडद पट्टे, मध्ये पांढरे.

रानवाटा: मग रानपिंगळाच, अभिनंदन! १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंदच नव्हती. १९९७ च्या नोव्हेंबरात तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तोवर बहुतेकांनी तो संपला असंच धरलं होतं. म्हणून प्रत्येक चांगल्या फोटोचं मोल आहे.

एक कळकळीची विनंती: नोंद जरूर करा, पण झाडाचं नेमकं ठिकाण उघड करू नका. हिवाळ्यात यांची वीण चालू असते, ढोलीभोवती गर्दी झाली तर त्रास होतो. आणि मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका. हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो शिकार सोडून धावत येतो.

माळढोक_७: पाठमोरा फोटो पाहिला, सहमत. वाटाड्यांना माझाही नमस्कार सांगा.