मदत हवी आहे : पिकअपचा इंडिकेटर लागतो, पण ब्लिंक होत नाही

नमस्कार मंडळी,
माझं गाव वरुडजवळ आहे. आंबिया बहार सुरू आहे, पहाटेच संत्र्याचे कॅरेट भरून काटोलमार्गे नागपूरच्या कळमना बाजाराला निघावं लागतं. इंडिकेटर कोणत्याही बाजूचा दिला तरी दिवे नुसते लागून राहतात, टिकटिक नाही. हॅझर्डचंही (दोन्हीकडचे दिवे एकदम लावायचं बटण) तेच. फ्यूज बॉक्सजवळच्या फ्लॅशर रिलेवर (इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी) टिचकी मारली की थोडा वेळ चालतो, परत अडकतो. धुक्यात मागच्याला मी वळतोय हे कळतच नाही, त्यात रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्या. फार भीती वाटते.

जुन्या रिलेवर ४९, ४९ए, ३१ लिहिलंय. दुकानदाराने दिलेल्या नव्यावर बी, एल, ई आहे. पिना तीनच, पण जागा वेगळ्या वाटतात. तसाच लावू का? आणखी एक, मागच्या वर्षी बॉडीवर वरच्या बाजूला प्रत्येकी एक जादा इंडिकेटर बसवला, २१ वॅटचा. त्याचा काही संबंध?

उत्तर :
भाऊ, संबंध त्याचाच दिसतो. टिचकीने सुटतो म्हणजे रिलेचे पॉइंट चिकटतायत. जुन्या रिलेच्या अंगावर बघा, बहुतेक २ x २१ + ५ वॅट असं काही असेल. म्हणजे एका बाजूला ४७ वॅट, साधारण ४ अँपिअर. तुमचे आता ६८ वॅट झाले. हॅझर्ड लावला की दोन्ही बाजू मिळून १३६, म्हणजे ११ अँपिअरच्या वर. नवा रिलेही असाच जळेल. आधी वरचे जादा दिवे काढा, नाहीतर त्यात ५ वॅटचे बल्ब टाका. फ्यूजच्या जागी तार अजिबात लावू नका, वायरिंगच पेटेल.

बी म्हणजे ४९, बॅटरीकडून येणारी. एल म्हणजे ४९ए, दिव्यांकडे जाणारी. ई म्हणजे ३१, अर्थ, म्हणजे चेसिसला जोडलेली अर्थिंगची. पिनांची जागा पाहू नका, खुणा पाहा. सॉकेटची जुळणी वेगळी असेल तर त्याच खुणांचा दुसरा रिले मागा, वायरी अदलाबदल करत बसू नका. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा.

धागाकर्ता :
दादा, वर ५ वॅटचे बल्ब टाकले आणि खुणा जुळणारा रिले आणून बसवला. उजवी बाजू एकदम बरोबर. डावी मात्र भराभर ब्लिंक होते.

उत्तर :
रिले ठीक आहे. डावीकडचा एक २१ वॅटचा बल्ब गेलाय किंवा त्याची अर्थ सुटलीय, करंट कमी झाला की हा रिले वेगाने चालतो. इंडिकेटर देऊन पुढे-मागे फिरून बघा. मागचा लागत नसेल तर होल्डर उघडा, आत हिरवट गंज असेल तर पॉलिश पेपरने घासा आणि अर्थची वायर चेसिसवर घट्ट आवळा.

धागाकर्ता :
मागचाच निघाला. होल्डर गंजलेला होता, घासल्यावर दोन्ही बाजू सारख्या चालतायत.