मदत हवी आहे: जुन्या दगडी कमानीच्या पुलाची तपासणी नेमकी कशी मागायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावाला तालुक्याशी जोडणारा एकच पूल आहे. तीन कमानींचा, घडीव काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला, ब्रिटिश अमदानीतला. त्यावरून शाळेची मुलं, एसटी आणि अलीकडे खडीचे भरलेले डंपर जातात. आम्ही महाडच्या बाजूचे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा असाच जुना दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. तेव्हापासून पाऊस चढला आणि घरचं कुणी पलीकडे असलं की झोप लागत नाही.

आमच्या पुलाची अवस्था अशी: मधल्या कमानीच्या पोटाला कायम ओल, त्यातून चुन्याचे पांढरे ओघळ. बाजूची भिंत मध्यावर बाहेर फुगलेली. सांध्यांत पिंपळ. डांबराचे थर चढत गेले आणि पाणी जायची भोकं बुजली. मधल्या दोन खांबांपाशी पात्र पूर्वीपेक्षा खोल वाटतं.

अर्ज दिला, तर 'पाहणी केली, पूल वाहतुकीस योग्य' असं उत्तर आलं. ही पाहणी एप्रिलमध्ये झाली, तीही वर रस्त्यावर उभं राहून. पुन्हा अर्ज करायचा तर त्यात काय मागू? रिबाउंड हॅमरची (पृष्ठभागावर आपटून कडकपणा मोजणाऱ्या उपकरणाची) चाचणी मागा, असं एकाने सुचवलंय. आणि तोवर डंपर कोण थांबवू शकतं?

प्रतिसाद (निवृत्त उपअभियंता)

दादा, रिबाउंड हॅमर काँक्रीटसाठी असतो. तुमच्या पुलाबद्दल त्यातून काही कळणार नाही. कमान दाबावर उभी असते आणि दगड दाब उत्तम सोसतो. पाया हलला की मात्र कमान जाते. म्हणून पहिली मागणी मधल्या दोन खांबांच्या पायांची.

पुरात खांबाभोवती भोवरे उठतात, वाळू-गोटे उपसले जाऊन खड्डा पडतो. पूर ओसरताना तोच खड्डा सैल गाळाने भरतो. एप्रिलमध्ये बघणाऱ्याला पात्र सपाट दिसतं! खांबाला लागून लोखंडी सळई खुपसायला लावा. ती सहज खोल गेली तर तिथे भराव नवा आहे. अर्जात लिहा: 'आयआरसी एसपी ३५ प्रमाणे सविस्तर तपासणी, पात्राच्या पातळ्या मूळ नकाशातल्या पायाच्या खोलीशी ताडून, आणि एसपी ३७ प्रमाणे भारक्षमता.' (आयआरसी म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, एसपी ३५ आणि ३७ या तिच्या पुलांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तिका.) नकाशा सापडत नसेल तर पायाशेजारी चाचणी खड्डा घ्यायला सांगा. जवळपास वाळूउपसा होत असेल तर तेही फोटोसह नोंदवा, त्याने सगळं पात्रच खाली जातं.

भिंत फुगते ती आतल्या भरावात पाणी साचून. भोकं मोकळी करणं हे स्वस्तातलं काम आहे, पावसाआधी करून घ्या. पिंपळ ओढून काढू नका, दगड सुटतील. नुसता छाटला तर पुन्हा फुटतो. छाटून बुंध्यात औषध भरायचं, मुळं मेली की सांधे चुन्याच्या मसाल्याने भरायचे. कडक सिमेंट नको, ओल आत कोंडते.

प्रतिसाद २

पुलाच्या सुरक्षिततेसाठी वाहनांवर बंदी घालायची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ खाली जिल्हा प्राधिकरणही वाहतूक रोखू शकतं. अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, प्रत बांधकाम विभागाला. हेही लिहा की २०१८ मध्ये तीन आसांच्या ट्रकची वजनमर्यादा २५ वरून २८.५ टन झाली, म्हणजे नियमात बसणारा डंपरही आता पूर्वीपेक्षा जड आहे.

मूळ प्रश्नकर्ता

काका, ताई, मनापासून आभार. सोमवारी ग्रामसभेचा ठराव जोडून अर्ज देतो. एकच शंका: डंपर अडवायला उंचीची लोखंडी चौकट लावली तर एसटीही अडकेल. मग पुरात पूल बंद करायची खूण तरी खांबावर रंगवून घेऊ का? कुठे?

प्रतिसाद (निवृत्त उपअभियंता)

जरूर घ्या. कमान खांबावरून जिथे वळायला लागते, तिथून वर पाणी चढलं की वाट अरुंद होत जाते आणि पाण्याचा जोर वाढतो. लाल पट्टा त्याच्या बराच खाली हवा, नेमकी उंची अभियंत्याकडून लेखी घ्या. पट्ट्याला पाणी लागलं की दोन्ही टोकांना साखळी. रात्रीही दिसेल असा रंग वापरा आणि साखळीची किल्ली कुणाकडे हे ठरावातच लिहून ठेवा.